खिडकी कुठे धरायची

माझ्या हाताला कंप आहे, हे मी माझ्या मुलीला सांगितलं नव्हतं. तिला ते माउसच्या बाणाने सांगितलं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. ती बंगळूरला, मी बडोद्याला. कॉम्प्युटरवरच्या दोन विंडो मला हव्या तशा बसत नव्हत्या म्हणून मी तिला फोन केला. तिने मला स्क्रीन शेअर करायला लावली आणि म्हणाली, "हं, आता फोटोची विंडो आहे ना, तिला वरच्या पट्टीवर धर आणि खाली ओढ." मी धरायला गेलो. बाण पट्टीवर पोचला, खाली घसरला, परत वर गेला, भलतीकडेच क्लिक झालं आणि विंडो बंद झाली. पुन्हा उघडली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, कर्सर असा का थरथरतोय? माउस बिघडलाय का?"

"बिघडला असेल," मी म्हणालो.

"माउस असा बिघडत नाही, बाबा."

दोन वर्षं मी तो कंप बऱ्यापैकी झाकला होता. फोनवर आवाज थरथरत नाही. व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा दिसतो, हात चौकटीबाहेर राहतात. दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी चहाचा कप अर्धाच भरून घेत होतो. बँकेत सही जुळली नाही, तो किस्सा मी 'बँकवाल्यांना काही कळत नाही' या चालीवर सांगितला होता आणि ती हसलीही होती. पण स्क्रीन शेअर केली की हात झाकायला जागाच उरत नाही. टेबलावर हात बोटभर सरकला तर बाण वीतभर जातो, त्यामुळे हाताचं जे काही असेल ते तिथे मोठं होऊन दिसतं.

डॉक्टरांनी याला 'इसेन्शियल ट्रेमर' म्हटलं आहे. मी आयुष्यभर गुजरातीतून मराठीत भाषांतरं केली, तेव्हा नवा शब्द ऐकला की त्याचं मराठी करून बघायची खोड. आवश्यक कंप? मूलभूत कंप? डॉक्टर म्हणाले, यातलं काही नाही. 'इसेन्शियल' म्हणजे त्यामागे दुसरा कुठला आजार सापडत नाही, इतकंच. हा कंपवात नव्हे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कंपवातात हात स्वस्थ पडलेला असताना थरथरतो. माझा मांडीवर ठेवला तर गुमान पडून असतो आणि काही करायला गेला की थरथरतो. काम जितकं बारीक, तितका अधिक. पुष्कळदा हा घराण्यातूनच येतो. माझे वडील बशी टेबलावरच ठेवून तोंड खाली नेऊन चहा प्यायचे. आम्हा भावंडांना ती त्यांची लकब वाटायची. आम्ही तिची नक्कल करायचो.

आता या दोन विंडोंचं प्रकरण. माझे पणजोबा गायकवाड सरकारच्या खासगी खात्यात कारकून होते. १८९३ ते १९१४ अशी बावीस वर्षं त्यांनी घरखर्चाची रोजकीर्द ठेवली, मोडीत. लाल रुमालात बांधलेल्या चार वह्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर होत्या. तूप किती आणलं, शिंप्याला काय दिलं, कुणाच्या मुंजीत काय आहेर केला, प्लेगच्या साली गावाबाहेर राहायला गेले तेव्हा गाडीचं भाडं किती पडलं. मोडी मी पन्नाशीनंतर शिकलो, ती या वह्यांसाठीच. पानं आता हात लावला तरी तुटतात, म्हणून पुतण्याने सगळ्या पानांचे फोटो काढून दिले. एका विंडोत पानाचा फोटो ठेवायचा आणि दुसऱ्या विंडोत त्याचं देवनागरी करत जायचं. एकूण सहाशे अठरा पानं. आमच्या घरात मोडी वाचणारा मी एकटाच, आणि कंप दरवर्षी थोडा थोडा वाढतो आहे. तेव्हा पानं किती आणि वर्षं किती, हा हिशोब मीही मनात रोज मांडत असतो.

ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. लेखणी शक्यतो उचलायची नाही. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नाही. त्यामुळे नजर एकदा ओळीवरून हलली की परत जागा सापडेपर्यंत दम लागतो. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात फोटो आणि उजव्या अर्ध्यात माझं लिखाण, अशी मांडणी मी करून पाहिली. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, विंडो कडेला नेऊन टेकवली की ती आपोआप अर्धी जागा घेऊन बसते. सोय चांगली आहे, पण माझ्या कामाला ती चालत नाही. डावीकडून उजवीकडे नजर नेली की ओळ हरवते. मला हवी होती मोडीची ओळ बरोब्बर माझ्या ओळीच्या डोक्यावर. वर फोटोची अरुंद पट्टी, खाली लिहायची जागा. यासाठी विंडो सारखी हलवावी लागते, उंचीला कमीजास्त करावी लागते, दिवसातून शंभरदा. आणि विंडो हलवायची तर तिला तिच्या माथ्यावरच्या पट्टीलाच धरावं लागतं. पट्टी जेमतेम तीस पिक्सेल उंच. लहानमोठी करायची तर कड धरायची, आणि कड म्हणजे दिसायला केसाएवढी रेघ. तिच्यावर बाण अचूक पोचला की त्याचा दुहेरी बाण होतो. तेवढ्या क्षणात बटण दाबायचं आणि न सोडता ओढायचं. स्थिर हाताच्या माणसाला यात काही करावं लागतं हेसुद्धा जाणवत नाही. मलाही तीस वर्षं जाणवलं नव्हतं.

त्या फोननंतर मुलीने मला वाचायला एक-दोन गोष्टी पाठवल्या. समजूत घालायची तिची ही पद्धत आहे. त्यात पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम होता. सोपा आहे: नेम जितका लांब आणि जितका अरुंद, तितका हाताला तिथे पोचायला वेळ लागतो. माउस तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेतून बिल इंग्लिशने बनवला. लाकडी ठोकळा, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. पुढे १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत स्टुअर्ट कार्ड, तोच बिल इंग्लिश आणि बेटी बर यांनी माउसची परीक्षा घेतली, तेव्हा तो फिट्सच्या नियमाने चालतो असं दिसलं, आणि तेही जवळपास नुसत्या हाताच्याच वेगाने. म्हणजे जो काही उशीर होतो तो माउसचा नाही. डोळ्याचा आणि हाताचा आहे. माउस असा बिघडत नाही, हे माझी मुलगी म्हणाली ते शास्त्राला धरूनच होतं.

त्याच प्रयोगशाळेत सत्तरीच्या दशकात एकमेकींवर पडणाऱ्या विंडोंची कल्पना रुजली. डोळ्यासमोर होतं लिहायचं टेबल आणि त्यावर विखुरलेले कागद. सगळ्यांनी ती लगेच उचलली असं नाही. १९८५ ची पहिली विंडोज विंडोंना फरशीसारखं शेजारी शेजारी बसवायची. एकीवर दुसरी ठेवायची मुभा १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. नाव खिडकीचं आणि वागणूक कागदाची, असा हा प्राणी. पण कागदाचा एक मोठा गुण त्यात यायचा राहिला. टेबलावरचा कागद कुठूनही धरता येतो. कोपऱ्याला धरा, मधोमध तळवा टेकवून सरकवा, कोपराने ढकला. कागदाच्या वरच्या बोटभर पट्टीलाच हात लावायचा असा नियम कुठल्याही कचेरीत नसतो. माझ्या पणजोबांच्या कचेरीत तर नसणारच.

मुलगी लिनक्सवर काम करते. तिकडे, ती म्हणाली, हा नियम कधीचाच मोडलेला आहे. अल्टचं बटण दाबून धरायचं आणि विंडोला कुठेही पकडून ओढायचं. विंडोजवाल्यांसाठी हीच सोय करणारा अल्टड्रॅग नावाचा एक छोटा मोफत प्रोग्राम होता. करणाऱ्याने पुढे त्यावरचं काम थांबवलं, पण त्याचं सगळं लिखाण उघड ठेवलेलं होतं. दुसऱ्या कुणीतरी ते उचललं आणि अल्टस्नॅप या नावाने पुढे चालवलं. तो तिने त्याच संध्याकाळी माझ्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. डाव्या हाताने अल्ट धरायचं; उजव्या हाताने विंडोच्या पोटात कुठेही डावं बटण दाबलं की विंडो सरकते, उजवं दाबलं की लहानमोठी होते. कड शोधायला नको. बाण ज्या कोपऱ्याच्या जवळ असेल तो कोपरा हलतो.

"धर," ती म्हणाली. मी धरलं. तीस पिक्सेलच्या पट्टीऐवजी सगळी विंडो आता माझा नेम होती. हात थरथरत होताच, त्याच्याबरोबर विंडोही थरथरत होती, पण आली. जिथे ठेवली तिथे राहिली. मी तिला उगाचच चार वेळा इकडून तिकडे फिरवली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"बाबा, हे काही आजारी माणसांसाठी केलेलं नाहीये हं. आम्ही सगळे वापरतो. वरपर्यंत माउस न्यायचा कंटाळा म्हणून."

हे वाक्य तिने मुद्दाम टाकलं की सहज, मला माहीत नाही. पण त्याने बरं वाटलं. गेल्या दोन वर्षांत मला हँडलचा पेला, जाड दांड्याचा चमचा, पकडायला रबर लावलेलं पेन अशा बऱ्याच वस्तू कुणी ना कुणी सुचवल्या होत्या. बायकोने तर चहा कपाऐवजी पेल्यात देऊ का असं विचारून पाहिलं होतं आणि मी उगाच चिडलो होतो. त्या सगळ्या वस्तू बघणाऱ्याला काहीतरी सांगतात. हे साधन आळशी माणसांच्या सोयीसाठी जन्मलं, आणि माझा हात कसा आहे ते विचारत नाही.

पुढच्या काही आठवड्यांत मी या जातीची बरीच छोटी साधनं आणि सेटिंगं वापरून पाहिली. सगळी मला मानवली नाहीत. एका सेटिंगने नुसता बाण वर नेला की ती विंडो जागी होते, क्लिक करावं लागत नाही. लिनक्सच्या पिढीला हे फार प्रिय. विंडोज ९५ साठी 'पॉवरटॉइज' नावाच्या साधनांचा एक संच मिळायचा, त्यातही ही सोय होती. क्लिक वाचणार म्हणून मी मोठ्या आशेने ती सुरू केली. झालं असं की लिहिता लिहिता हाताचा धक्का माउसला लागला, बाण दुसऱ्या विंडोवर गेला आणि पणजोबांच्या तुपाच्या खर्चाची अर्धी नोंद मुलीला लिहायला घेतलेल्या पत्रात उमटली. कंप असलेल्या माणसाने लक्ष बाणाच्या हवाली करू नये, एवढं शिकून मी ते बंद केलं. उलट, बाणाखालची विंडो जागी नसतानाही माउसच्या चाकाने वरखाली सरकते, ही सोय २०१५ च्या विंडोज १० पासून आयतीच आहे आणि ती मला देवासारखी वाटते. लिखाणातून बाहेर न पडता फोटोची पट्टी एक ओळ खाली घेता येते. चाक फिरवायला नेम लागत नाही. क्लिकलॉक नावाचं आणखी एक सेटिंग आहे. बटण क्षणभर दाबून ठेवलं की ते दाबलेलंच राहतं, ओढत नेताना बोट सोडलं तरी चालतं. तेही ठेवलं. बाण हरवला की कंट्रोल दोनदा दाबायचं. सगळी स्क्रीन काळवंडते आणि बाणाभोवती उजेडाचं वर्तुळ पडतं. हे आताच्या पॉवरटॉइजमध्ये आहे. नातवंडं येतात तेव्हा त्यांना हेच सगळ्यात आवडतं. हाताची थरथर गाळून बाण सरळ चालवणारे प्रोग्रामही असतात. असा एक आठवडाभर वापरला. बाण शहाण्यासारखा चालू लागला, पण तो माझा वाटेना. पुढे कंप वाढला तर त्याच्याकडे परत जावं लागेल, हे मला माहीत आहे.

अल्टची एक गंमत मात्र बहुभाषी वाचकांना सांगायलाच हवी. आपण दोन-तीन लिप्यांत लिहिणारी माणसं अल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून कीबोर्डची भाषा बदलतो. मी विंडो ओढत असताना माझ्या डाव्या हाताचं बोट घसरून शिफ्टवर पडायचं आणि मराठी जाऊन इंग्रजी यायची, कधी गुजराती. पान नीट बसवून मी आनंदाने लिहायला लागायचो आणि 'खर्च' ऐवजी भलतंच काहीतरी उमटायचं. तीन-चार दिवस मी हेही कंपाच्याच खात्यात मांडत होतो. शेवटी मुलीने अल्टच्या जागी विंडोजचं बटण नेमून दिलं. आता डावा हात त्यावर टेकलेला असतो. तोही थोडा थरथरतो, पण दाबून धरलेलं बटण त्याला टेकू देतं. एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत आपलं प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिलं तेव्हा त्याच्या उजव्या हातात माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच किल्ल्यांची छोटी पेटी. काम दोन हातांनी वाटून घ्यायचं, हे त्याच्या मनात पहिल्यापासूनच असावं. ती पेटी पुढे मागे पडली आणि सगळा भार एका हातावर आला.

कुठूनही धरता येण्याचा एक फायदा मला अनपेक्षित होता. पट्टीला धरून विंडो वर नेली तर पट्टी स्क्रीनच्या वरच्या कडेला अडते. जिला धरलंय तीच बाहेर कशी जाणार? पण पोटाशी धरून ढकलली की पट्टी, तिच्याखालची मेन्यूची ओळ, फोटोचा नको असलेला भाग, सगळं वर निघून जातं. मग स्क्रीनच्या माथ्यावर उरतात फक्त मोडीच्या दोन ओळी, आणि त्यांच्याखाली लगेच माझी ओळ. मला दोन वर्षं जशी मांडणी हवी होती ती हीच. दिवसाला पान-दीड पान व्हायचं, ते आता अडीच-तीन होतं.

त्या दोन ओळींकडेच बघत राहिल्यामुळे मला एक गोष्ट दिसली. सगळं पान समोर असताना ती दिसली नसती. पहिल्या वहीतली शिरोरेषा आखणी धरून ओढल्यासारखी सरळ आहे. दुसऱ्या वहीतही. तिसरीच्या मध्यापासून तिच्यात बारीक लाटा येऊ लागतात. आधी ओळीच्या शेवटी, मग सुरुवातीपासून. मी फोटो मोठा करून पाहिला, कागद सुरकुतला असेल म्हणून. कागद सपाट होता. लेखणी उचलायची नाही, हा मोडीचा नियम पणजोबांनी पाळलेला होता, त्यामुळे थरथर कुठे लपवायला जागा नव्हती. ती अक्षरं लावायला मला महिनाभर सगळ्यात जास्त त्रास झाला होता. मला वाटलं होतं, त्यांनी घाईत लिहिली असतील.

चौथ्या वहीत, १९१२ च्या पावसाळ्यात, एका पानावर अक्षर बदलतं. गोल, मोठं, जपून लिहिलेलं. ते माझ्या आजोबांचं असावं. तेव्हा ते बारा वर्षांचे होते. नोंदी मात्र पणजोबांच्याच तऱ्हेच्या आहेत, तेच शब्द, तोच क्रम, भाजीवाल्याला दिलेल्या पैशाबद्दल तीच कुरकुर. म्हणजे ते बसून सांगत असणार आणि मुलगा लिहीत असणार. लिहायचं काम मुलाकडे का दिलं याबद्दल वहीत एक अक्षर नाही. खर्चाच्या वहीत ते यायचं कारणही नाही.

मुलीला मी हे फोनवर सांगितलं नाही. रविवारी स्क्रीन शेअर केली, तिसऱ्या वहीतली ओळ वर आणली आणि म्हटलं, ही रेघ बघ. बाण रेघेवरून नेऊन दाखवत होतो. रेघ थरथरत होती आणि बाणही. ती बराच वेळ बघत होती.

"आजोबा बशीतून चहा प्यायचे ना?" ती म्हणाली.

"हो."

मग तिने विचारलं, किती पानं राहिली. दोनशे बारा, मी सांगितलं. ती म्हणाली, फोटोची विंडो अजून थोडी वर जाऊ शकेल, खाली एक ओळ जास्त दिसेल. मी डाव्या हाताने बटण धरलं, उजव्याने विंडो पोटाशी पकडली आणि वर सरकवली.